काकांचं तण

अख्ख्या ओहायोत स्वतःच्या शेतात तण वाढावं म्हणून राबणारा मराठी माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझ्या ओळखीचा निघाला : आमच्या मराठी मंडळातले काका. आयटीतून रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. काकांनी इथल्या डब्लिन गावाबाहेर शेत घेतलं, सोयाबीनसाठी एका अमेरिकन शेतकऱ्याला कसायला दिलं आणि मधोमध एक लांब पट्टा किड्यांसाठी सोडून दिला. शेतकरी त्यांना वेडा समजतो, पण सभ्यपणे. जेवायला आलेल्या पाहुण्यांना काका आधी त्या गवतात उभं करतात आणि घरच्या माणसासारखी गांधीलमाशीची ओळख करून देतात : "ही आमची. पिकावरच्या अळ्या खाते. घाबरतोस काय यार, तू अळी आहेस का?" मंडळाच्या पिकनिकला शेतावर पार्किंग कमी पडलं आणि अध्यक्षांची गाडी पट्ट्याकडे वळली, तेव्हा काका चक्क तिच्यापुढे आडवे झाले होते.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. लातूरकडे दुसऱ्यांची रानं खुरपून आईने मला शिकवलं, हे मी कुठेही छाती फुगवून सांगतो. गेल्या जुलैत ती इकडे आली, तेव्हा तिला कौतुकाने हे शेत दाखवायला नेलं. काका मला आत चहाबरोबर भुंग्यांचे फोटो पाजत होते. बाहेर येऊन बघतो तर आईने गॅरेजमधलं कसलंसं खुरपं शोधून पट्ट्याचं एक टोक आरशासारखं स्वच्छ केलेलं.

"एवढे शिकलेले, अन् रान असं ठेवता व्हय?"

काकांचा चेहरा उतरला. त्याच टोकाला मिल्कवीड होतं, आपल्या रुईची बहीणच ती. त्यावर मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या होत्या, आणि त्या दुसरं काही खात नाहीत. काका वर्षभर त्यांची वाट बघत होते. गाडीपुढे झोपणारा माणूस आता काय करेल या भीतीने मी डोळेच मिटले.

काका उपटलेल्या तणाच्या ढिगाशेजारी बसले. "ताई, हात सुरेख चालतो तुमचा. आता यातून पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या शोधायला लागा."

ऊन उतरेपर्यंत दोघं रांगत होते. सापडलेली एकेक अळी पलीकडच्या टोकाला उरलेल्या मिल्कवीडवर गेली. आईच्या नजरेतून एकही सुटली नसावी.

"जन्मभर माराया अळ्या येचल्या, भाऊ," ती म्हणाली. "जगवाया आजच येचते."

आई गावी परतली; तिचे गुडघे आता विमानाचं नाव काढू देत नाहीत. पट्टा यंदा छातीएवढा झालाय. काका फोटो पाठवतात, "ताईंना दाखव." मी पुढे धाडतो, आई तो मोठा करून बराच वेळ बघते. परवा फोनवर म्हणाली, "खुरपायला आलंय की रं."

मी काकांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणावं, या. एक कोपरा ठेवलाय तुमच्यासाठी."