पैठणीखालचा पासपोर्ट

लेकीला शाळेने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचायला दिली होती. जहाजात कोंबून आणलेले आफ्रिकन गुलाम, उसाचे मळे, आणि सुटकेसाठी त्यांनी केलेलं बंड. लेक मोठ्याने वाचायची आणि घरकामाला राहणारी आमची युगांडाची बाई इस्त्री करता करता ऐकायची. मध्येच "मग?" म्हणायची. मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरातून दुबई मरीनाच्या ऑफिसला रोज शंभरेक किलोमीटर गाडी हाकून अशी पिळून निघायचे, की सोफ्यावर पडल्या पडल्या अर्धंमुर्धंच कानावर यायचं.

मागच्या आठवड्यात त्या बाईने दोनदा विचारलं होतं, "मॅडम, माझी आई सिरियस आहे. जाऊ?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "इन्शाल्ला, बघू. ऑफिसचं क्लोजिंग खलास होऊ दे." तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली. कायद्याला हे चालत नाही, मला ठाऊक होतं. पण आपल्यातल्या बऱ्याच जणी ठेवतात. "हातात दिलास की पळालीच म्हणून समज," असं मैत्रिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बुधवारी कादंबरीतल्या मालकाने एका गुलाम बाईच्या सुटकेचा कागद पेटीत दडवला. लेक वाचता वाचता थांबली. बाई आत कपडे ठेवायला गेली होती.

"आई, व्हेअर इज हर पासपोर्ट?"

"सेफ आहे गं."

"सेफ फ्रॉम हूम?"

मी भडकले. दिवसभर राबून यायचं आणि वर पोरीची उलटतपासणी! पण तोंड धुवायला गेले तरी ते डोक्यातून जाईना. माझे बाबा गेले तेव्हा माझाही पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता आणि किल्लीवाला साहेब सुट्टीवर. बाबांचं शेवटचं दर्शन हुकलं. त्या माणसाला मी आजही शिव्या घालते. शरम वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ओल्या तोंडाने कपाट उघडलं आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. "तिकीट मी काढते. उद्याच नीघ. यल्ला, बॅग भर."

तिने तो उघडला, स्वतःचा फोटो पाहिला, मिटला.

"आता घाई नाही, मॅडम. आई सोमवारी गेली. काल पुरलं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दमून येता ना," ती म्हणाली आणि राहिलेला शर्ट इस्त्रीला घेतला.