आता बरणी तुझी

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाड आतून जुन्या मच्छरदाणीसारखं विरलेलं दिसत होतं. मी पडले नव्हते, कुठे आपटलेही नव्हते. फडताळातून लोणच्याची भरलेली बरणी उतरवताना मनगट मोडलं, एवढंच.

"हाड रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं," त्या म्हणाल्या. "बांधणाऱ्या पेशीच मोडणाऱ्या पेशींना निरोप धाडतात. त्या निरोपांवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी गेली की तो सुटतो."

म्हणजे बोलावणारे घरचेच.

पित्त झालं तर हे शरीर घर डोक्यावर घेतं. दाढ किडली तर झोपू देत नाही. आणि आत हाड पोखरलं जात होतं, तेव्हा वर्षानुवर्षं एका शब्दानं बोललं नाही. मी मात्र त्याच्या भरवशावर घागरी उचलत राहिले, चादरी पिळत राहिले.

आमच्याकडे पाळीत लोणच्याच्या बरणीला शिवायचं नसे. माझी पाळी गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई. आता बरणी तुझी." मला केवढं हलकं वाटलं होतं. त्या हलकं होण्यात माझी हाडंही होती, हे कुणी सांगितलं नाही.

आता बरणी ओट्यावर असते आणि माझा हात प्लास्टरमध्ये. जेवताना सासूबाई उठून झाकण काढतात. मी दुसरा हात पुढे केला की जुन्या सवयीनं म्हणतात, "राहू दे, तू नको शिवूस."