समितीचा फळा आणि वहिनींची रस्सीखेच

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही शहरातलं, चेरीतालचं भाड्याचं घर सोडलं आणि गोहलपुरच्याही पुढे, शहर संपता संपता लागणाऱ्या एका गावात लहानसं घर बांधलं. गाव तसं जुनंच. तलाव, तलावाकाठी म्हशींचे गोठे, मटारची शेतं. त्याच्या एका अंगाला आमच्यासारख्यांची चाळीसेक नवी घरं उभी राहिली होती, त्या भागाला सगळे कॉलनी म्हणत. गाव आणि कॉलनी मिळून एकच रहिवासी समिती होती. पण बैठकीला कॉलनीतले लोक खुर्च्यांवर बसत आणि गावातले भिंतीला टेकून उभे राहत. खुर्च्या कमी नव्हत्या. तशी सवयच पडून गेली होती.

समितीचा एक फोनवरचा गट होता. त्यात दिवसभर फुलांची चित्रं आणि सुप्रभात येत राहायचं आणि पाणी कधी येणार ही बातमी त्याखाली गडप व्हायची. म्हणून अध्यक्षांनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवून घेतला आणि मला म्हणाले, "दीदी, आपकी लिखावट अच्छी है." अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले, अतिशय नेमके गृहस्थ. मी तीस वर्षं गणित शिकवलेलं. खडू हातात मिळाला, मला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. घरात आमचं मराठी, बाहेर हिंदी. कधी कधी हातातून एका भाषेचा शब्द दुसरीत सांडतो. गावात नवा पंप बसला होता, तर मी ऐटीत लिहिलं, "कल से गाँव में पानी की नई यंत्रणा शुरू होगी." मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था. हिंदीत यंत्रणा म्हणजे हालहाल, छळ. सकाळी फळ्यासमोर ही गर्दी. एक म्हातारे गृहस्थ मला गंभीरपणे म्हणाले, "पुरानी यंत्रणा क्या कम थी बहनजी, जो नई ले आईं?" मला कळेना लोक हसतायत कशाला. यजमानांनी घरी आल्यावर समजावून सांगितलं आणि स्वतःच इतके हसले की चहा निवला. पण त्या दिवसापासून गावातले लोक फळा वाचायला लागले हे मात्र खरं. माझी पुढची चूक कोणती होते हे बघायला येत असावेत.

त्या डिसेंबरच्या बैठकीत फाटकाचा विषय निघाला. गोठ्यातल्या म्हशी रोज सकाळी कॉलनीच्या गल्लीतून तलावावर जात. रस्ताभर शेण पडे, गाड्या अडत. कॉलनीतल्या काहींचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवावं आणि म्हशींनी शेतांच्या बाजूने लांबून जावं. अध्यक्षांनी विषय कागदावर उतरवला, पुढच्या बैठकीत ठरवू म्हणाले. भिंतीपाशी उभे असलेले लोक काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला नीट वाटलं नाही, पण मीही गप्प बसले. शेण मलाही नकोच होतं.

दोन-तीन दिवसांनी मी सकाळी फळा पुसत होते आणि मागून म्हशी आल्या. एक मोठी म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागची बाई, पन्नाशीची, उंच, खांद्यावर काठी, ती म्हशीला म्हणाली, "चाल नं बाई, काहून अडून राहिली? लोकं बोंबलतीन आता."

माझ्या हातातला फडका तसाच राहिला. गावात येऊन दोन वर्षं झाली होती आणि ही बाई रोज माझ्या दारावरून जात होती. माझ्याशी ती नेहमी हिंदीत बोलायची, मीही तिच्याशी हिंदीत.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी बी?"

मग कळलं की तिच्या आजसासऱ्यानं विदर्भातून येऊन इथे चार म्हशी घेऊन धंदा मांडला होता. घरात आता नातवंडं हिंदीच बोलतात. नवरा गेल्यापासून मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. "म्हशी तेवढ्या राहिल्या," ती म्हणाली. "त्याइले लहानपणापासून हेच समजते." हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. मी तिला वहिनी म्हणायला लागले. ती मला आधी दीदी म्हणायची, मग बाई म्हणायला लागली. रोज सकाळी म्हशी पाण्यात उतरेपर्यंत आमच्या दहा मिनिटं गप्पा व्हायच्या. दहा मिनिटांत काय काय बोलून होतं याचं मलाच नवल वाटे. माझी स्वतःची मुलगी नागपूरला दिलेली असूनही फोनवर अर्ध्या वाक्यानंतर हिंदीत घसरते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर समितीने खेळ ठेवले. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, आणि शेवटी बायकांची रस्सीखेच, गाव विरुद्ध कॉलनी. शहरातल्या घमापुरच्या बाजारातून जाडजूड दोर आणला होता. कॉलनीच्या संघात आठच जणी जमल्या. नववी मी. एकसष्टाव्या वर्षी, काठपदराच्या साडीत.

समोर वहिनी होत्या आणि त्यांच्या मागे गावातल्या आठ जणी, चारा कापणाऱ्या, मटारची पोती उचलणाऱ्या. शिट्टी वाजलेली मी ऐकली. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की माझ्या पुढच्या सगळ्या जणी अचानक दिसेनाशा झाल्या आणि मी पोटावर घसरत गावाच्या बाजूला चालले आहे. दुसरी फेरीही तशीच झाली, फक्त या वेळी थोडं डावीकडे घसरले. लोक पोट धरधरून हसत होते. उठून बघते तर मीही हसत होते. किती वर्षांनी मी जमिनीवर पडले होते कोण जाणे.

संध्याकाळी मी फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिलं, की कॉलनीच्या बहिणींनी दोन्ही फेऱ्यांत गावाकडे वेगाने प्रगती केली. या वेळी भाषेची चूक नव्हती.

गोष्ट तिथेच संपायची. पण तलावापलीकडच्या गावाने ही बातमी ऐकली आणि निरोप धाडला, वसंत पंचमीला आमच्याकडे या, आमच्या बायकांशी खेळून दाखवा. बक्षीस एक पोतं मटार. वहिनींच्या संघातली एक जण नेमकी बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी पाण्यात उतरल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमी चाला."

"मी? वहिनी, तुम्ही पाहिलंत ना माझं काय झालं."

"पायलं. म्हणूनच म्हणून राहिली. तुमच्यातल्या साऱ्या जणीनं दोर सोडला. तुमी पडल्या, पण दोर नाही सोडला."

खरं सांगायचं तर दोर सोडायचं मला सुचलंच नव्हतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणी आपल्यावर इतका विश्वास टाकला की तो खोटा पाडायला जीव धजत नाही.

सराव सकाळी, म्हशींना सोडून आल्यावर. दोराचं एक टोक कडुनिंबाला बांधायचं आणि दुसरं आम्ही नऊ जणींनी ओढायचं. पहिल्या दिवशी मी जोर लावून हात सोलून घेतले. वहिनी येऊन मागे उभ्या राहिल्या. "हातानं कायले ओढता? हात नुसते धरासाठी. पाय रोवा. आता बसा, खुर्चीवर बसता तशा." मी बसले, आणि दोर झाडापाशी करकरला. तीस वर्षं मुलांना बलाची गणितं घातली, पण बल असतं कुठे ते त्या दिवशी मांड्यांना कळलं.

वहिनी म्हशींना जसं हाकारत तसंच आम्हालाही. रोवा, बसा, ओढा. बाकीच्या सात जणी हिंदीवाल्या. दोन दिवसांत त्या तीन शब्दांवर अशा हलायला लागल्या की जणू आजोळीच मराठी शिकल्या. यजमान कठड्यावर बसून घड्याळ लावत. रोज घरी आल्यावर माझ्या खांद्यांना तेल चोळता चोळता विचारत, "विम्याचा हप्ता भरलाय ना?" पण सकाळी माझ्या आधी उठून चहा तेच ठेवत.

वसंत पंचमीला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. नऊ जणी, पिवळ्या साड्या खोचून बांधलेल्या. मागून मोटारसायकली, आणि सगळ्यात मागे, कुणी बोलावलं नसताना, अध्यक्षांची पांढरी गाडी. पलीकडच्या गावच्या बायका वीटभट्टीवर काम करणाऱ्या. त्यांचे दंड बघून मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चपला काढून एका बाजूला नीट जोडून ठेवत होत्या.

पहिली फेरी आम्ही हरलो. पायाखालची माती भुसभुशीत आहे हे कळायच्या आत रेषा ओलांडली गेली. दुसऱ्या फेरीत बाजू बदलली, जमीन घट्ट लागली, आणि आम्ही जिंकलो. तिसऱ्या फेरीसाठी नाणेफेक झाली आणि घट्ट जमीन आमच्याकडे आली.

शिट्टी झाली तरी दोर हलेना. सगळ्यात मागे वहिनी, त्यांच्या पुढे मी. माझ्या कानामागे त्यांचा आवाज, अगदी शांत. "रोवा." आम्ही रोवलं. "बसा." बसलो. समोरच्या बायका दमून श्वास घेतात न घेतात तोच, "ओढा." दोर वीतभर आमच्याकडे आला. पुन्हा तेच. समोरच्यांना कळेना की जोर कधी येणार. त्यांची पुढारी ओरडून पंचांना म्हणाली, "मास्साब, ये कौन सी बोली में बोल रही है? समझ में नहीं आ रहा."

पंच म्हणजे शाळेचे कवायतीचे मास्तर. त्यांनी शिट्टी तोंडातून न काढताच खांदे उडवले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "ओढा," आणि या वेळी थांबल्या नाहीत. "ओढा, ओढा, ओढा." मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही नऊच्या नऊ जणी पाठीवर पडलो होतो आणि दोर सगळाच्या सगळा आमच्या अंगावर होता.

लोक धावत आले. अध्यक्ष कुंपणावरून उडी मारून आले, इस्त्रीच्या शर्टाला काट्याने भोक पाडून. मला उठवायला हात दिला तर मी म्हटलं, "थांबा, जरा पडून राहू द्या." आकाश निळं होतं, शेजारी वहिनी हसत होत्या, आणि मला खरंच उठायचं नव्हतं.

फाटकाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी कागद वाचला, त्याची घडी घातली, आणि म्हणाले, हा विषय मागे घेऊ या. त्याऐवजी ठरलं ते असं, की गोठेवाल्यांनी आठच्या आधी म्हशी काढायच्या आणि कॉलनीने तोवर गाड्या रस्त्यात लावायच्या नाहीत. शेण वहिनींची सून घमेल्यात उचलून नेते, त्यातलं अर्धं आता कॉलनीतल्याच बायका गुलाबांसाठी मागून घेतात. त्या बैठकीत भिंतीपाशी कुणी उभं नव्हतं, कारण मी आणि वहिनींनी आधीच येऊन सगळ्या खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या.

पण जिंकलो त्या दुपारची मजा निराळी. ट्रॉली टाकीपाशी थांबली, मटारचं पोतं उतरवलं, आणि नऊ जणींत वाटणी कशी करायची यावर बोलणं सुरू झालं. वहिनी म्हणाल्या, "वाटून कायले घ्याचं? इथंच करू नं." कुणी चटया आणल्या, कुणी पराती. बघता बघता अर्धं गाव आणि अर्धी कॉलनी मटार सोलायला बसली. अध्यक्ष एकेक शेंग पेन उघडावं तशी जपून उघडत होते. वहिनींच्या सुनेनं त्यांना दाखवलं, "अंकलजी, ऐसे नहीं, अंगूठे से." मग तेही जमलं त्यांना.

चुलीवर मोठी कढई चढली. निमोना करायचा की उसळ, यावर दोन पक्ष पडले. निमोना म्हणजे इकडचा वाटलेल्या मटारचा झणझणीत रस्सा. शेवटी दोन्ही केलं. मी उसळीत गूळ घातला तर वहिनी नाक मुरडून म्हणाल्या, "हे काय करून राहिल्या बाई, गोड?" मी म्हटलं, "चाखून तर बघा." त्यांनी चाखली आणि आणखी एक वाटी घेतली.

सालांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. ऊन उतरायला लागलं तशी वहिनींनी सुनेला आणि मला दोन टोपल्या दिल्या आणि आम्ही तिघी गोठ्याकडे निघालो. म्हशींनी वासावरूनच माना वर केल्या. मी रस्त्यात अडणाऱ्या त्या मोठ्या म्हशीच्या पुढ्यात ओंजळभर सालं धरली आणि तिने सावकाश, खरखरीत जिभेने सगळी ओढून घेतली.

"तिले आवडली," वहिनी म्हणाल्या. "द्या अजून."