पावण्यांना पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हातून हत्या झालेली आहे — एकाच संध्याकाळी, एकाच घरात, अनेक जीवांची. ते जीव म्हणजे किडे होते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगाच सावरून बसाल. पण हसून पानही उलटू नका. किडे ही यातली बारकी गोष्ट आहे.

आमच्या कसबा बावड्यातल्या घरात, दिवाणखान्यात, मी समुद्र पाळला होता. काचेची टाकी, विकतचं मीठ, गाळलेलं पाणी, दिवसभर घुरघुरणारा पंप. समुद्र बघायला कोल्हापूरकराला घाट उतरावा लागतो. मी तो घाटावर आणून ठेवला, याचा मला — कौतुक म्हणत नाही — माज होता. लोक सत्काराच्या शाली काचेच्या कपाटात लावतात आणि मी त्यांना हसतो. माझीही काचच होती; फक्त आत पाणी होतं. येणारा प्रत्येक जण आधी टाकीत बोट बुडवून चाखायचा. "खारं हाय की!" म्हणायचा, जणू मी फसवत होतो. मग विचारायचा, "मासं खायचं हाईत काय?"

टाकीत दोन नारिंगी मासे होते, पण मान होता तो किड्यांचा. वाळूत रोवलेली चिखलाची नळी, आणि तिच्या तोंडातून बाहेर आलेला पिसांचा गोल तुरा — तपकिरी-पांढरा, पाण्याबरोबर हलणारा. इंग्रजीत त्यांना फेदर डस्टर म्हणतात, म्हणजे पिसांचा झाडू. अंग नळीत दडवायचं आणि नुसता तुरा जगाला दाखवायचा. त्यानंच श्वास घ्यायचा, त्यानंच अन्न गोळा करायचं. आणि सावली पडली की — सटदिशी आत. अशी माणसं मी व्यासपीठावर पुष्कळ पाहिलीत. फक्त ती आत जात नाहीत.

अक्का — माझी थोरली बहीण — मेव्हणे गेल्यावर कबनूरहून आमच्याकडे राहायला आली होती. पहिले काही महिने कुणाशी बोलायची नाही. बोलायला लागली ती या किड्यांशी. सकाळी लिंगपूजा उरकली की पाण्याचा तांब्या घेऊन टाकीपुढे बसायची. "काय पावणं, उठला का?" म्हणून वाकायची. तिची सावली पडली की तुरे गडप. "लाजलं बघ! लई लाजाळू हाईत की रं तुझं पावणं." आणि हसायची. ते हसू बघून मला — नाही, ते राहू दे. हळवेपणा नको.

तिला मी एकच गोष्ट बजावली होती. तिचा तांब्या खरोखरच तांब्याचा होता. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी शुद्ध, अशी तिची श्रद्धा. मी सांगितलं होतं की तांबं माणसाला चालत असेल, या किड्यांना ते विष आहे. आयुष्यभर ग्रंथपालाची नोकरी केलेला माणूस मी. वाचलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. तिनं मान डोलावली होती.

बघा, मुद्द्याभोवती किती फिरतोय मी.

शहरात एक सांस्कृतिक मंडळ आहे. त्यांच्या फेट्यांवर, हारांवर आणि लांबलेल्या प्रास्ताविकांवर मी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं. त्या मंडळाचे पदाधिकारी रविवारी माझा समुद्र बघायला येणार, असा निरोप आला. मी काय करायला हवं होतं? 'या' म्हणून सोडून द्यायला हवं होतं. मी पडदे धुवायला काढले. आणि नेमके आदल्या दिवशी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. रोग नेहमीचा, औषधही घरात होतं. आजारी मासा वेगळ्या टबात काढायचा आणि औषध तिथं द्यायचं, टाकीत नाही — कारण त्या औषधात तांबं असतं. हे मला माहीत होतं का? पूर्ण माहीत होतं. पण मासे टबात काढले तर रविवारी दाखवू काय? मासे नसलेला समुद्र? थोडंसं टाकलं तर काय होतंय — असं म्हणून मी संध्याकाळी औषध टाकीत ओतलं.

सकाळी तुरे लोळत पडले होते. काही गळून वाळूवर, काही नळीच्या तोंडाशी लोंबत. सावली पडली तरी एकही आत गेला नाही.

अक्कानं ते माझ्याआधी बघितलं. आणि तिनं काय केलं? शेवटच्या घटकेला माणसाच्या तोंडात पाणी घालतात, तसं आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी टाकीत सोडलं. मी बजावलेलं ती विसरली नव्हती. पण निघालेल्या पावण्याला कोरडं कसं पाठवायचं? हे तिनं स्वतः येऊन मला सांगितलं — पदाधिकारी सोफ्यावर बसलेले असताना.

"शिवा, पावणं पार कोमेजल्यात रं. बघवंना, म्हणून जरा पाणी घातलं मी. माझ्या पाण्यानं तर न्हाय न्हवं काय झालं?"

'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "मग कशानं, अक्का? मारलंस की तू त्यांना."

मोठ्यानं म्हणालो. सोफ्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

अध्यक्ष हळहळले. समाजातल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या अभावावर ते चांगले बोलले — बसूनच, पण समोर माइक असल्यासारखे. मी मान डोलावत होतो. अक्का दाराशी तांब्या धरून उभी होती.

पुढं तो घरातला विनोद झाला. लग्नात, बारशात, जोतिबाला जाताना गाडीत — "अक्कांच्या हातचं पाणी नको रे बाबा!" सांगायचो मीच. रंगवून सांगायचो. तीही हसायची, पदर तोंडाला लावून. पण आमच्याकडे दारात कुणी आलं की आधी पाणी पुढं करायचं, हे काम तिचं होतं. ते तिनं सोडलं. "तूच दे गं," असं माझ्या बायकोला म्हणायची आणि आत जायची. मी ते बघत होतो का? रोज बघत होतो. मग एक दिवस ती कबनूरला परत गेली, एकटी राहायला. "हितं करमंना," म्हणाली. मी तिला स्टँडवर सोडलं. थांब म्हणालो नाही — थांबली असती तर रोज दिसली असती.

आता हा रडेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही रडणार. मन हलकं करायला लिहितोय, असंही नाही. ते जड आहे, जडच राहू दे. घाबरलो होतो, माणसं बसली होती, बोलून गेलो — हे सगळं मला लिहिता येतं. लिहिणार नाही. बोलून गेलो नाही, बोललो. आणि माफी? माफी मागायची म्हणजे अक्काकडून आणखी एक गोष्ट घ्यायची. तिच्याकडून पुरेसं घेऊन झालंय. तुमच्या माफीचं मी काय करू?

एकदा कबनूरला गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो, हेही कबूल. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडं विजेवरचे माग चालतात; खडखडाट असा की आपलाच आवाज आपल्याला परका. तिनं चहा दिला — पाणी नाही, चहा. मी बोललो. औषध, टब, रविवार, तुझा काही दोष नव्हता अक्का — सगळं, एका दमात, त्या खडखडाटात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि वीज गेली. माग थांबले. बशीवर कप टेकल्याचासुद्धा आवाज झाला.

"काय म्हणत हुतास रं?" तिनं विचारलं. "काय बी ऐकू आलं न्हाय बघ."

"चहा झकास झालाय, म्हटलं."

साखर घालायला ती विसरली होती.