अणी मोडलेले गळ

गावात त्याला माशीवाला म्हणत. बाकीचे लोक रिकामपणी माशा मारतात, हा दिवसभर माशा बांधतो, हा विनोद त्याच्या पाठीमागेही व्हायचा आणि तोंडावरही. सुरुवातीला काही वर्षं तो हसला, मग हसायचाही कंटाळा आला. बरं, त्याची माशी म्हणजे खरी माशी नव्हेच. गळाच्या देठावर रेशमाचा दोरा, सशाची लव आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून केलेला तो खोटा किडा. नदीतल्या ट्राउट माशानं त्याला खरा समजून तोंड उघडावं, एवढंच त्या किड्याचं आयुष्य. समुद्रासाठी बांधायच्या माशा तर बोटभर लांब, शेळीच्या केसांच्या, चकचकीत डोळे लावलेल्या. त्या मासोळीसारख्या दिसायच्या किंवा कोळंबीसारख्या. तरी नाव माशीच!

नदी समुद्राला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर त्याचं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. खिडकीशी टेबल, टेबलाच्या कडेला बारीक जबड्याचा शिकंजा, म्हणजे व्हाइस. त्या जबड्यात गळ धरायचा आणि दोऱ्याचे वेढे देत जायचे. दोरा ढिला सोडला तर पीस गरकन फिरतं, जास्त ओढला तर तुटतो, आणि मग माशीवाल्याच्या तोंडून जे काही निघायचं ते गिऱ्हाइकांसमोर सांगण्यासारखं नसे. माणूस तसा तापट. कुणी भावात घासाघीस केली तर तो सरळ दाराकडे बोट दाखवायचा. पण हात मात्र सोन्याचे, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलेलं होतं.

समुद्राचे गळ जाड असतात. माशी बांधून झाली, डोक्यावरचं व्हार्निश वाळलं की तो कानशीनं गळाच्या अणीला धार लावायचा आणि ती अणी डाव्या अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढायचा. नखात रुतली तर ठीक, घसरली तर पुन्हा कानस. त्यामुळे त्या नखावर कायम पांढऱ्या रेघोट्या असत. बायको म्हणायची, "अहो, जेवायला बसताना तरी तो अंगठा लपवा, घुशीनं कुरतडल्यासारखा दिसतो."

मागच्या खोलीत एक काचेची पेटी होती, पाण्यानं भरलेली. समुद्राची माशी पाण्यात कशी पोहते ते आधी त्या पेटीत बघायचं आणि ते बघायचं काम मुलाचं. एकुलता एक मुलगा, ऐन पंचविशीतला, बापासारखाच तिखट. तो दोऱ्याला माशी बांधून पाण्यात ओढायचा आणि बापाच्या कामाला नावं ठेवायचा. "ही पोहत नाहीये हो, बुडतेय," असं म्हणून खदाखदा हसायचा. बाप शिव्या देत उठायचा आणि माशी सोडवून पुन्हा बांधायचा. कारण पोराचं म्हणणं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत होती.

एका सकाळी बापानं बांधलेली नवी माशी घेऊन मुलगा नदीच्या मुखाशी असलेल्या खडकांवर गेला. पेटीत बघून समाधान झालं नाही, खऱ्या पाण्यात टाकून बघतो, म्हणाला. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. गळाची काठी खडकाच्या फटीत अडकलेली सापडली. मुलगा सापडला नाही. होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले, मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. लोकांना तरी किती दोष द्यायचा?

माशीवाल्यानं काम थांबवलं नाही. पेटीतलं पाणी ओतून टाकलं आणि पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवली, एवढंच. पण समुद्राची माशी बांधायला घेतली की त्याला भलतंच दिसायचं. शेळीचे केस ओले करून बोटांनी विंचरताना ते माणसाचे केस वाटायचे. एकदा तर दोरा सोडून तो उठला आणि हात साबणानं खसाखसा धुऊन आला. बायकोनं विचारलं तेव्हा व्हार्निश लागलं म्हणाला.

अशातच एक दिवस नाववाला दुकानात आला. हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पाहुण्यांना मासे धरायला खोल समुद्रात नेणारा. माणूस मोकळा, पण जिभेला हाड नाही.

"परवा गंमत झाली," तो म्हणाला. "एका पाहुण्याची काठी ही एवढी वाकली! आम्ही म्हटलं, आज काही खरं नाही, मोठं धूड लागलंय. सगळ्यांनी मिळून वर ओढलं तर काय? बूट!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. माशीवाल्याच्या हातातली कात्री थांबली.

"कुठल्या पायाचा?" त्यानं विचारलं.

नाववाल्याचा चेहरा पडला. "अरे, लहान मुलाचा होता रे. रबराचा, जुनापुराणा," तो घाईघाईनं म्हणाला आणि लगेच निघून गेला. तो गेला तरी ते वाक्य गेलं नाही. आपल्याच हातचा गळ, आपणच धार लावलेली अणी, आणि खाली अंधारात ती पोराच्या अंगातल्या, आईनं विणलेल्या स्वेटरच्या लोकरीत रुततेय, वर कुणीतरी हसत दोरी गुंडाळतंय. माशीवाल्याला हे इतकं स्पष्ट दिसलं की त्यानं डोळे मिटले. मिटल्यावर तर अधिकच दिसलं.

त्या दिवसापासून समुद्राची प्रत्येक माशी बांधून झाली की तो पक्कड घ्यायचा, गळाची अणी कट्‌कन मोडायचा, तुटलेली जागा कानशीनं गोल करायचा आणि वरून केस अशा बेतानं सोडायचा की कुणाला पत्ता लागू नये. मोडलेल्या अण्या तो रद्दीच्या कागदात बांधून फेकून द्यायचा. आपण गिऱ्हाइकाला फसवतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर कुणाला बोथट गळ न विकलेला माणूस तो. पण हात ऐकायचे नाहीत. मुलगा सापडला नाही तोवर तो कुठेतरी आहे, आणि सापडला की संपलं, एवढंच त्याच्या मनानं धरून ठेवलं होतं.

समुद्र मोठा असला तरी अशी लबाडी किती दिवस टिकणार? एका दुपारी नाववाला तणतणत आला आणि त्यानं एक माशी टेबलावर आपटली.

"कुठे माशी शिंकली तेच कळत नव्हतं मला! मासा येतो, धरतो आणि सोडून देतो. पाहुणे मला हसतात. मला वाटलं माझं नशीब फुटकं. आज केस बाजूला करून बघितलं तर गळाला अणीच नाही! हे काय आहे?"

माशीवाल्यानं ती माशी उचलली आणि केस पुन्हा मोडक्या जागेवर सारखे केले.

"वेड लागलंय का तुला? उद्या मोठे पाहुणे आहेत माझे. देणार असशील तर धड दे, नाहीतर तसं तोंडानं सांग."

पडदा हलला आणि बायको बाहेर आली. तिनं टेबलावरच्या माशीकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा डावा हात धरून उजेडात ओढला आणि अंगठ्याचं नख पाहिलं. नख स्वच्छ होतं, गुळगुळीत, एकही रेघ नाही.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"तो बूट सापडला तेव्हापासून," तो म्हणाला.

नाववाल्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. तो मटकन स्टुलावर बसला. "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं," तो पुटपुटला.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा जरा," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "मी रोज संध्याकाळी धक्क्यावर कशाला जाते असं वाटतं तुम्हाला? हवा खायला? यांची नाव आली की मी विचारते, आज काय लागलं. काहीतरी लागू दे, म्हणून मी हात जोडून उभी असते तिथे. एखादं बटण, लोकरीचा एक धागा. आणि इथे बसून तुम्ही अण्या मोडताय?"

"मला नको आहे ते," तो ओरडला. "सापडला की तो मेला!"

"तो गेलाय हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही काय धरून बसायचं ते बसा. मला माझं पोर कुठे आहे ते हवंय."

नाववाला चपला हातात घेऊन निघून गेला. बायको आत गेली. माशीवाल्यानं व्हाइसमध्ये नवा गळ धरला. त्या संध्याकाळी त्यानं पाच-सहा माशा बांधल्या. प्रत्येक वेळी पक्कड हातात घेतली आणि खाली ठेवली. मग कानस घेतली. अणी नखावर एवढ्या जोरानं ओढली की अंगठ्यातून रक्त आलं. सकाळी डबी नाववाल्याच्या हातात देताना तो फक्त एवढंच म्हणाला, "बघून घे, सगळ्या धड आहेत."

तो दिवस त्याला खायला उठला. जेवण गेलं नाही, दोन ट्राउटच्या माशा बिघडल्या. दिवस कलला तशी बायको पायात चपला घालून निघाली आणि तोही तिच्या मागे निघाला.

नाव आली. पाहुणे खुशीत होते, पाठीवर थापा मारत उतरले. नाववाल्यानं धक्क्यावर मासे मांडले, एकाहून एक मोठे, प्रत्येकाच्या जबड्यात अणी पुरती घुसल्याची खूण. त्याचं लक्ष मात्र या दोघांकडे होतं.

"काय लागलं, भाऊजी?" तिनं विचारलं.

"मासेच, वहिनी," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

माशीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला इतकं हायसं वाटलं की ते लपवताही आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर चक्क हसू आलं. दुसऱ्याच क्षणी त्याला कळलं की बायको त्याच्याकडेच बघतेय. त्याची मान खाली गेली. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

मासे टोपल्यांत भरले गेले, पाहुणे गेले.

"मलाही रोज असंच होतं," ती अगदी हळू म्हणाली. "दिवसभर मागते, लागू दे, लागू दे. आणि नाही म्हटलं की जीव भांड्यात पडतो माझा."

त्यानं वर पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती.

"उद्या मीही येतो," तो म्हणाला.