अंजब्याड

देवानं मालुबाईला तोंड दिलं ते निम्मं जेवायला आणि निम्मं 'का?' विचारायला. माहेर निपाणीच्या पश्चिमेला. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायची आणि मुकादमाला गाठून विचारायची, वाळल्या तंबाखूनंच शिंका का येतात, ओलीनं का येत नाहीत? मुकादमानं वैतागून तिचं नाव 'चौकशी हापीस' ठेवलं. लग्न होऊन ती बेळगावच्या वडगावात यल्लाप्पाच्या घरी आली तेव्हा ते नाव वखारीतच राहिलं. सवय मात्र पाटल्या-बांगड्यांसोबत सासरी आली.

यल्लाप्पा साड्या विणायचा. पुढच्या सोप्यात एक यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. नवरा अबोल, त्यामुळे बायकोच्या दहा प्रश्नांना मिळून एक 'हूं' यायचा. सासू गुणाबाई मात्र प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची आणि ते नेहमी देवाचंच असायचं.

त्यांची एकुलती एक पोर अंजनी, म्हणजे अंजी. तिनं मान उशिरा धरली, पाऊल त्याहून उशिरा पडलं आणि शब्द तर बोटांवर मोजण्याएवढेच आले. अशा पोरांना नावं ठेवायला गावात शब्दांचा तोटा नव्हता. मालुबाईनं त्यातला एकही उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. कुणी फारच हळहळ दाखवली तर म्हणायची, "आमची गाडी लेट हाय, पन येतीया न्हवं? तुमी कशाला टेसनावर उभं ऱ्हातासा?"

अंजीची जागा मागाशेजारी, पोत्यावर. दिवसभर खटखट चालायची आणि ती त्या तालावर डुलत राहायची. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपत आली की ती डुलायची थांबे आणि म्हणे, "सरली." यल्लाप्पा बघे तर खरंच, कांडीवर शेवटचे दोन-चार वेढे उरलेले असत. मालुबाईनं पोरीचे डोळे पदरानं झाकून पाहिले, तरी "सरली" वेळेवरच आलं. पाठमोरी बसवली, तरी आलं. म्हणजे पोर कानानं ओळखते एवढं ठरलं. पण रिकाम्या होत जाणाऱ्या कांडीचा आवाज वेगळा कसा, हे काही मालुबाईला उमगेना. धोट्याला कान लावायला गेली तेव्हा यल्लाप्पानं वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं, "कान तुटंल, बाजूला हो."

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा आला आणि करंट जायला लागला. आधीही जायचा, पण आता वेळकाळ उरला नाही. चालता माग मध्येच थांबायचा, धोटा अर्ध्या वाटेत अडकायचा, आणि अंजी किंचाळून उठायची. स्वतःचं मनगट दातात धरायची. मागाच्या लाकडावर कपाळ आपटायची. करंट आला की थोडी निवायची. पुढं पुढं करंट असतानाही ती भ्यायला लागली. दिव्याकडं टक लावून बसायची, तो जरा मंदावला की थरथर कापायची. घास तोंडात तसाच राहायचा. झोप उडाली. मनगटावरची जखम भरायच्या आत पुन्हा उघडायची. महिन्याभरात पोर निम्मी झाली, आणि "सरली" म्हणणंही विसरली, कारण जीव सगळा त्या दिव्याकडं लागलेला.

गुणाबाईनं अंगारा लावला, दृष्ट काढली, दंडात दोरा बांधला. मालुबाईनं काहीच अडवलं नाही. उपयोग होतो का, हे तिलाही बघायचंच होतं. झाला नाही.

मग तिनं आपल्या पद्धतीनं शोध सुरू केला. पोर नेमकी कशाला भिते? अंधाराला? भर दुपारी अंधार कुठला! शांततेला? तिनं करंट गेल्यावर पाटा-वरवंटा खडखडवून पाहिला, डबा बडवून पाहिला. पोर आणखीच बिथरली आणि शेजारीपाजारीही. अमावस्येला मात्र एक नवल दिसलं. त्या दिवशी त्यांच्याकडं माग बंद ठेवायची रीत. यल्लाप्पानं सकाळी बटण बंद केलं, मागाला हळद-कुंकू लावलं, अंगावरून फडकं मारलं आणि वरून जुनं धोतर पांघरलं. सोपा दिवसभर गप्प होता आणि अंजीही पोत्यावर गप्प, निवांत. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

"मग गप्प माग चालतोय की हिला!" मालुबाई सासूला म्हणाली. "आमुशेला चालतोय, करंट गेल्यावर का न्हाय?"

"आमुशेला देव राखतोय," गुणाबाईचं उत्तर तयार होतं.

मालुबाईनं एवढाच अर्थ लावला की पोरीला आधी कळलेलं थांबणं चालतं, अवचित थांबणं सोसत नाही. पण वीज मंडळाला हे कोण समजावणार? आणि पोर तर डोळ्यांदेखत झिजत होती. शेवटी यल्लाप्पाच म्हणाला, "कॅम्पात दाखवून ये."

कॅम्पात, म्हणजे बेळगावच्या लष्करी वस्तीत, हुलगूर नावाचे डॉक्टर धारवाडाकडून नुकतेच आले होते. लष्करातून निवृत्त झालेले, अशा मुलांचं त्यांना कळतं अशी ख्याती. यल्लाप्पाला साड्या घेऊन शहापुरात पेढीवर जायचं होतं, म्हणून मालुबाई एकटीच पोरीला घेऊन गेली. तिचं मराठी डॉक्टरांना जेमतेम कळे, आणि तिचं कानडी म्हणजे बाजारातलं कानडी: 'एष्ट' म्हणजे केवढ्याला आणि 'ब्याड' म्हणजे नको. भाजीवाल्यांशी आयुष्य काढायला एवढं पुरतं. भीतीला वडगावातले कानडी शेजारी हेद्रिकी म्हणत, तो शब्द तिनं ऐकला होता. त्या पलीकडं तिची मजल नव्हती.

डॉक्टरांनी पोरीला घाई न करता तपासलं. अंजी थरथरत टेबलाखाली शिरली तर तेही आपला भारदस्त देह घेऊन खाली उकिडवे बसले. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "अंजब्याड. अंजब्याड."

मालुबाईनं कान टवकारले. अंजी ब्याड? अंजी नको?

तिनं स्वतःला सावरलं. डॉक्टर उठले, खुर्चीत बसले आणि तिला समजेल अशा मराठीत सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. "एक गोळी देतो, बाई. रोज द्यायचा. अंजिकी कमी होतो. पूरा जात नाही, पण कमी होतो."

अंजी कमी होते! मालुबाईनं पोरीला टेबलाखालून ओढलं, काखेत मारलं आणि चिठ्ठीसुद्धा न घेता तरातरा बाहेर पडली. डॉक्टर "ओ बाई, ओ बाई" करत दारापर्यंत आले. बसमध्ये ती सारा रस्ता अंजीला घट्ट धरून रडत होती. आहे ती पोर कमी करायची? तिच्याच गल्लीत एका मुलाला कसल्याशा गोळ्या सुरू होत्या. तो दिवसभर लाळ गाळत भिंतीकडं बघत बसायचा. त्याची आई म्हणायची, "आता त्रास न्हाय." त्रास नव्हता हे खरं, पण पोरगाही कुठं होता?

घरी येऊन तिनं सासूला एवढंच सांगितलं, "डाक्टर बरा न्हाय." गुणाबाईला बरंच वाटलं. यल्लाप्पानं संध्याकाळी बायकोचा चेहरा पाहिला आणि सवयीप्रमाणे काहीच विचारलं नाही. असल्या नवऱ्यांनी घरं मोडत नाहीत, पण कधी कधी कामं अडतात.

राग दुसऱ्या दिवशी उतरला आणि रागाखालून जुना 'का' वर आला. ज्याला पोर नको, तो माणूस टेबलाखाली बसून तिच्या केसांवरून हात का फिरवतो? हे दोन्ही एका माणसात कसं बसतं? ते कोडं काही तिला गप्प बसू देईना. ती समोरच्या नीलव्वाकडं गेली. नीलव्वा कानडी विणकराची विधवा, दोन्ही भाषा घोळून प्यायलेली.

"आक्का, अंजी ब्याड म्हंजे काय वो?"

"कोन म्हनालं?"

"कॅम्पातला डाक्टर. माज्या पोरीला म्हनाला. वर आनि गोळीनं अंजी कमी हुती म्हनाला."

नीलव्वा कपाळाला हात लावून उंबऱ्यातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं येडे! अंजब्याड म्हंजे भिऊ नगं! अंजिकी म्हंजे भीती! धारवाडाकडं तसंच बोलत्यात. तुजी अंजी न्हवं, तिची भीती कमी हुती म्हनाला त्यो. लेकीचं नाव अंजी ठेवलंस तवाच म्या मनात म्हनलं हुतं, कानडी मुलखात ह्ये नाव घोटाळा करनार."

मालुबाई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आणि पुढं जे मनात आलं ते तिला सोडवेना. शब्दाचा घोटाळा मिटला होता. पण गल्लीतला तो भिंतीकडं बघणारा मुलगा तर शब्दाचा घोटाळा नव्हता! गोळी भीती कमी करते, की पोर? खरा प्रश्न हाच होता आणि तो अजून जागच्या जागी होता.

या खेपेला ती नीलव्वालाच घेऊन कॅम्पात गेली. झाला प्रकार ऐकून डॉक्टरही खो खो हसले, पण तिचा प्रश्न आला तेव्हा हसायचे थांबले. नीलव्वा त्यांचं बोलणं मराठीत सांगत गेली. ते म्हणाले, गोळीनं असं होऊ शकतं. जास्त झाली तर पोर सुस्त होते, मलूल होते. होणारच नाही असं मी सांगणार नाही. म्हणून अगदी थोडी सुरू करायची. पण आत्ता ही इतकी भ्यालेली आहे की खात नाही, झोपत नाही, नवं काही शिकणं तर दूरच. गोळीनं हिला अक्कल येणार नाही. भीती जरा खाली बसली तर तुम्ही जे शिकवाल ते आत जाईल, एवढंच. आणि देणं-न देणं तुमच्या हातात आहे.

मग त्यांनी नीलव्वाकरवी तिलाच विचारलं, "अंजी कमी झाली, तर तुम्हाला कशावरून कळेल?"

आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या बाईला कुणी असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. तिनं खूप विचार केला.

"ती सरली म्हनती," मालुबाई म्हणाली. तिनं कांडीची गोष्ट सांगितली. "भीतीपायी आता ती म्हनत न्हाय. गोळी देऊन भीती गेली आनि सरली बी परत आलं न्हाय, तर मला गोळी नगं."

"मग तेच बघत राहा," डॉक्टर म्हणाले. "आणि बंद करायची झाली तरी एकदम बंद करायची नाही. मला सांगून, हळूहळू."

"मागावानीच की," मालुबाई म्हणाली. नीलव्वाला याचं कानडी करता येईना.

घरी गुणाबाईनं तोंड फिरवलं. "पोरीला गुंगीवर ठेवायचं म्हना की." मालुबाईनं वाद घातला नाही. तिला स्वतःलाच ती भीती होती, मग सासूशी भांडायचं कशाच्या जोरावर? पहिली गोळी तिनं गुळाच्या खड्यात घालून दिली. यल्लाप्पा माग थांबवून शेजारी येऊन उभा राहिला. 

पहिले दिवस वाईट गेले. अंजी शांत झाली खरी, पण नको तेवढी. पोत्यावर डुलायची नाही, पेंगायची. कांडी संपून धोटा रिकामा धावला आणि यल्लाप्पाच्या साडीत बोटभर पट्टा बिनधाग्याचा गेला, तरी तिला पत्ता नाही.  मालुबाई तडक कॅम्पात गेली. "सरली न्हाय म्हनत," एवढंच कानडी-मराठीचं कडबोळं करून सांगितलं. डॉक्टरांना बरोबर कळलं. त्यांनी गोळी निम्मी केली.

निम्म्या गोळीवर अंजी हळूहळू वर आली. जेवू लागली. झोपू लागली. मनगटावर खपली धरली. करंट गेला की अजूनही उठायची, कापायची, पण कपाळ आपटत नव्हती. त्या वेळी मालुबाई तिच्यासमोर बसायची, केसांवरून हात फिरवायची आणि डॉक्टरांचाच शब्द म्हणायची, "अंजब्याड, अंजब्याड." ज्या शब्दानं तिला रडवलं होतं तो आता तिच्या तोंडी बसला होता. पण "सरली" काही आलं नव्हतं. मालुबाई कांड्या भरता भरता कान देऊन वाट बघायची आणि मनात ठरवत होती, पंधरवडाभर बघायचं, मग गोळी नको म्हणून सांगायचं.

एका दुपारी करंट गेला. माग थांबला, धोटा अर्ध्या वाटेत. अंजी कापत उठली. मनगट तोंडाकडं गेलं. मालुबाई हातातलं काम टाकून उठली, तोवर मनगट खाली आलं होतं. अंजी एक-एक पाऊल टाकत मागापाशी गेली. कोपऱ्यातलं जुनं धोतर ओढलं आणि जमेल तसं मागावर टाकलं. मग लाकडावरून हळूहळू हात फिरवायला लागली, अगदी केसांवरून फिरवावा तसा.

"अंजब्याड," ती मागाला म्हणाली. "अंजब्याड."

मालुबाई जागच्या जागी उभी राहिली. पाटा-वरवंटा वाजवला, डबे बडवले, पोर कशाला भिते म्हणून जग पालथं घातलं, आणि पोर तर स्वतःसाठी भीतच नव्हती. मध्येच आवाज बंद पडलेल्या मागाला काय झालं, म्हणून तिचा जीव तुटत होता!

यल्लाप्पानं अंगावरच्या टॉवेलानं डोळे पुसले. गुणाबाई आतून आली आणि तिनं धोतराचं सरकलेलं टोक मागावर सारखं केलं.

करंट आला. यल्लाप्पानं धोतर काढून घडी घातली, बटण दाबलं, माग खटखटू लागला. अंजी आपल्या पोत्यावर जाऊन बसली, डुलायला लागली. मालुबाई पुन्हा कांड्या भरायला बसली, पण हात चालेना, तिचे कान सोप्याकडं लागलेले. खटखट, खटखट. डुलणं थांबलं.

"सरली," अंजी म्हणाली.