झिजलेले मुख

आमच्या देवघरातील पितळी मूर्तीला आता नाक-डोळे उरलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चिंच लावून घासल्याने तिचे मुख गुळगुळीत झाले आहे. तरीही पोथी वाचताना त्या झिजलेल्या पितळेवर मला प्रभूचे मुख स्पष्ट दिसत असे. पोथीतील शब्द केवळ आसन मांडून ठेवीत. त्यावर कोणते रूप येऊन बसेल, हे ज्याच्या त्याच्या भक्तीवर सोडलेले असे.

मग शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर दूरचित्रवाणीवरील पौराणिक मालिका मी हात जोडून, शेवटपर्यंत पाहिली. तेव्हापासून डोळे मिटले की तीत प्रभू झालेल्या नटाचे मुख समोर येते. ध्यानाचा श्लोक मी म्हणतो, आणि हसतो तो.

काल सूनबाई संगणकावर तिच्या लहानपणीचा जुना खेळ खेळत होती. मोजक्या चौकोनी ठिपक्यांचा एक वीर पडद्यावर धावत होता.

"याला तोंड कुठे आहे गं?" मी विचारले.

"नाहीच आहे, अप्पा. ते आपणच मनात काढायचं. आता याच्यावर सिनेमा आलाय. हे म्हणत होते, तिकिटं काढतो. म्हटलं, तुम्ही खुशाल जा, मी नाही येणार."

"का बरं?"

"एकदा दुसऱ्याचं तोंड येऊन बसलं, की उठत नाही हो ते."



आज सकाळी अभिषेकाच्या धारेखाली तो नट पुन्हा हसला. मंत्र म्हणत मी अंगठ्याने मूर्तीचे मुख पुसत राहिलो. तिथे पुसण्यासारखे काहीच नव्हते.